हॉलंडहून पुण्याला काय न्यावं? मे महिना, घरची मंडळी शाकाहारी

आइंडहोवनकर:
मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याला जातोय. घरी सासू-सासरे (अंडंसुद्धा चालत नाही), दोन लहान भाचरं, शिवाय ऑफिसातले पंधराएक जण. एका मैत्रिणीला नुकतीच मुलगी झाली आहे. बॅगेत भेटींसाठी सहा-सात किलो जागा उरते. ट्यूलिपचे कंद न्यावेत का? चीज टिकेल का? डेल्फ्टची खरी निळी भांडी कशी ओळखायची? नेहमीची चॉकलेटं नकोत, ती तिथेही मिळतात.

लायडेनची_सून:
दुकानात शिरण्याआधी तीन शब्द पाठ करा. इथे ॲलर्जीचे घटक ठळक छापावे लागतात, त्यामुळे अंडं (डचमध्ये 'आय', स्पेलिंग ई आणि आय) चटकन दिसतं. जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं) आणि चीजसाठी दूध गोठवणारं रेनेट ('स्ट्रेम्सेल') मात्र ॲलर्जीच्या यादीत नाहीत, म्हणून साध्या अक्षरांत दडलेले असतात. फसगत होते ती तिथेच.

स्ट्रोपवाफल (मध्ये पाक भरलेल्या पातळ वाफलच्या चकत्या) ऑफिससाठी उत्तम. सुपरमार्केटमधलं दहाचं पाकीट साधारण ४०० ग्रॅमचं असतं. काहींत अंडं असतं, काहींत नसतं, तेव्हा सासरच्यांसाठीचं पाकीट वेगळं निवडा. पत्र्याचे शोभिवंत डबे घेऊ नका, पैसे आणि वजन डब्यावरच जातं. बाजारात गरमागरम मिळतात ते तिथेच खायचे, न्यायचे नाहीत. मेच्या उन्हात आतला पाक सैल पडतो आणि चकत्या एकमेकींना चिकटतात. घरी पोचल्यावर पाकीट न उघडता थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवलं की सुटतात. देताना खायची रीतही सांगा: वाफाळत्या चहाच्या कपावर झाकणासारखं मिनिट-दोन मिनिटं ठेवायचं. त्यासाठी कपाचं तोंड वाफलपेक्षा लहान हवं. आपला कटिंगचा ग्लास यासाठी अगदी मापाचा!

बाळंतिणीकडे 'माउशेस' न्या. साखरेच्या थरातले बडीशेपेच्या चवीचे दाणे असतात, मुलगी झाली की गुलाबी-पांढरे, मुलगा झाला की निळे-पांढरे. इथे ते गोल कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून पाहुण्यांना देतात. टोस्ट नेऊ नका, वाटेत चुरा होतो. तिथल्या साध्या टोस्टवर भागतं.

रोटरडॅमी:
चीजबद्दल. 'योंग' म्हणजे सुमारे चार आठवड्यांचं, 'बेलेखन' चार महिन्यांच्या आसपासचं, 'आउड' दहा-बारा महिन्यांचं. प्रवासाला आउडच घ्या. त्यात पाणी कमी, त्यामुळे उष्णतेत घाम कमी फुटतो आणि तुकडा आकार सोडत नाही. चीजच्या दुकानात सांगितलं तर तुकडा व्हॅक्यूम पॅक करून देतात. चीजवर लिहिलेला ४८+ हा आकडा एकूण वजनातल्या स्निग्धांशाचा नसतो, पाणी वगळून उरलेल्या भागातल्या स्निग्धांशाचा असतो.

पण सासू-सासऱ्यांसाठी 'डीरलिक स्ट्रेम्सेल' (वासराच्या जठरातलं) चालणार नाही. 'मिक्रोबिएल' किंवा 'वेखेटारिस' लिहिलेलं शोधा. पारंपरिक शेतघरच्या चीजमध्ये बहुधा प्राणिजन्य रेनेटच असतं. शिवाय काही चीजमध्ये लायसोझाइम घालतात, ते अंड्यापासून काढलेलं असतं, पण ते ठळक अक्षरांत सापडतं. भारतीय कस्टम्सच्या जाहीरनाम्यात दुग्धजन्य पदार्थांचा उल्लेख आहे, तेव्हा नेलं तर सांगून न्या.

ट्यूलिपचे कंद नकोच. भारतात कंद आणायला आयात परवाना आणि रोपस्वास्थ्याचं प्रमाणपत्र लागतं. समजा नेलेच, तरी कंदाला तीनेक महिने ९ अंशांखाली थंडी मिळाल्याशिवाय फुलाचा दांडा नीट वर येत नाही. पुण्याच्या बाल्कनीत ते व्हायचं नाही. लाकडी ट्यूलिप न्या, वजनाला हलके.

क्लॉम्पेनवाला:
भाचरांसाठी क्लॉम्पेन (डच लाकडी जोडे)? छोटे जोड छान दिसतात.

लायडेनची_सून:
दिसतात, पण आठवड्यात माळ्यावर जातात. पॉप्लर-विलोचं लाकूड कोरड्या हवेत तडकतंही. घालायचेच असतील तर जाड मोज्यांसकट मापाला घ्या, लाकूड काही सैल होत नाही. त्यापेक्षा मुलांना हाखलस्लाख द्या, लोणी लावलेल्या पावावर भुरभुरायची चॉकलेटची बारीक काडी. मेमध्ये मात्र ती हातातल्या बॅगेतच ठेवा, नाहीतर घरी ढेकूळ निघेल.

ज्येष्ठांना कॉफीच्या चवीचे 'हाखस होप्येस' आवडतात. टणक गोळी, वितळत नाही. काळं 'ड्रॉप' ज्येष्ठमधाचं आहे म्हणून आजोबांना नेऊ नका. खारट प्रकारात नवसागर असतो, 'डुबल झाउट' तोंडात टाकल्यावर चेहरा बघवत नाही. मऊ ड्रॉपमध्ये बहुतेक वेळा जिलेटिनही असतं.

डेल्फ्टनिवासी:
निळ्या भांड्याची नक्षी भिंगाखाली बघा. छापील असेल तर बारीक ठिपके दिसतात, किंवा गोल भांड्यावर नक्षीचा सांधा सापडतो. हाती रंगवलेल्यात एकाच फटकाऱ्यात रंग गडद-फिका होतो. कोबाल्ट ऑक्साइड लावताना काळं असतं, भट्टीतून निघाल्यावर निळं होतं. १६५३ सालच्या 'पोर्सलेने फ्लेस' या कारखान्याच्या हस्तचित्रित भांड्याच्या बुडाला बाटलीची खूण, त्याखाली अक्षरांची गुंफण, 'डेल्फ्ट' हा शब्द आणि चित्रकाराची आद्याक्षरं असतात. नुसतं 'डेल्फ्ट ब्लू' छापलेलं असून भागत नाही. दहा युरोंची फुलदाणी सहसा छापीलच निघते. भेट म्हणून तीही वाईट नाही, फक्त हस्तचित्रित सांगून देऊ नका.

ॲम्स्टरडॅमच्या दुकानांतले गांजाच्या हिरव्या पानाचं चित्र असलेले लॉलीपॉप-बिस्किटं 'गंमत म्हणून'सुद्धा घेऊ नका. विमानतळावर ती गंमत कुणालाच कळत नाही.

आइंडहोवनकर:
आभार. सासऱ्यांना कॉफीचं वेड आहे. इथली कॉफी पावडर नेली तर?

रोटरडॅमी:
'स्नेलफिल्टर' लिहिलेली पावडर विरघळत नाही, तिला कागदी गाळणी लागते. आपल्या दक्षिणी फिल्टरला ती थोडी जाडसर पडते, डिकॉक्शन पातळ निघतं. दुधात ढवळून पिणारे असतील तर 'ओप्लोसकॉफी' (विरघळणारी) घ्या. ड्रिपरवाले असतील तर २५० ग्रॅमचं बंद पाकीट आणि चार नंबरच्या गाळण्या. व्हॅटचा परतावा विसरा, तो युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांनाच मिळतो.