जामनगरचे सागरी राष्ट्रीय उद्यान: शनिवार-रविवार पुरेल का?

घोडबंदरकर:
डिसेंबरमध्ये आई आणि नऊ वर्षांच्या मुलासह बोरिवलीहून सौराष्ट्र मेलने जामनगरला जाण्याचा विचार आहे. प्रवाळ, खारफुटी आणि पक्षी हे सारे दोन दिवसांत होईल का? आईचे गुडघे दुखतात.

नौपाड्याची:
सुट्टी पाहून नव्हे, तर तिथी पाहून दिवस ठरवावा. कच्छच्या आखातात ओहोटीला पाणी दूर हटते आणि पाणबुड्याचा पोशाख न घालता, चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात, हेच या उद्यानाचे वैशिष्ट्य. परंतु अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जितके मागे जाते तितके अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, जात नाही. आम्ही अष्टमीला याच उद्यानातल्या नराऱ्याला गेलो आणि बराच वेळ गढूळ पाण्याकडेच पाहत बसलो. मुंबईचे भरतीचे वेळापत्रक तिथे चालत नाही. तिथल्या बंदराचे पाहावे आणि ओहोटी उजेडात येते ना, याची खात्री करावी. चप्पल चिखलात रुतते, म्हणून मागे पट्टा असलेले सँडल घालावेत. वाटाड्या सोबत घ्यावा, मात्र आमच्या वाटाड्याने केंड मासा फुगलेला दाखवण्यासाठी हातात धरला, तसे करू देऊ नये. खडकाच्या कपारीत रंग बदलणारा ऑक्टोपस तेवढा आमच्या मुलीने स्वतः शोधला.

ऐरोलीकर:
खारफुटीसाठी तिथे वेगळा वेळ काढू नये, असे माझे मत आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून आपली तिवरे केव्हाही पाहता येतात, आणि नराऱ्याला प्रवाळांकडे जाताना वाटेत खारफुटी लागतेच. उद्यानातल्या पिरोटन बेटावर जाण्याचा विचार असेल तर तोही सोडावा, कारण तिथे जायला होडी आणि परवानगी दोन्ही लागतात.

कळव्याच्या काकू:
गुडघे दुखत असतील तर आईंना प्रवाळांच्या खडकांवर नेऊ नका. जामनगरपासून जवळच असलेल्या खिजडिया पक्षी अभयारण्यात न्या. संस्थानकाळात बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तिथे एका बाजूला गोडे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारी दलदल असल्याने दोन्ही पाण्यांतले पक्षी दिसतात, आणि हिवाळ्यात कांड्या करकोच्यांचे थवे येतात. ते पाहायला फारसे चालावेही लागत नाही.

घोडबंदरकर:
सर्वांचे आभार. पंचांग पाहिले, अमावस्या सोमवारी येते आहे, तेव्हा रजेचा अर्ज आजच देतो. खिजडियाचे ऐकून आईने दुर्बीण कपाटातून काढलीसुद्धा.