मुलींच्या फॉर्मवर ‘पाळी’ लिहावं की आणखी काही?

हिंगण्याची ताई : एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत आम्ही चारपाच जणी सातवी-आठवीच्या मुलींसोबत काम करतो. महिन्यातून किती दिवस शाळा बुडते अन् काऊन बुडते, हे कळावं म्हणून फॉर्म केला. मूळ इंग्रजी, मराठी माझं. प्रश्न होता, ‘पाळीच्या दिवसांत तू शाळेत जातेस का?’ एकीनं लिहिलं, ‘हो. बाबाची पाळी रात्रीची असते, ते दिवसा झोपतात.’ आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग आला. तिच्या घरी पाळी म्हणजे कंपनीतलीच. आईची असते ती ‘अडचण’. शुक्रवारी छापायला द्यायचं आहे. काय लिहू?

महालवाले : ‘मासिक पाळी’ लिहा, घोळ संपला. अधिक नेमका हवा तर ‘ऋतुस्राव’. आयुर्वेदातलं ‘आर्तव’सुद्धा ऋतूवरूनच आलंय. घरचं सोनं सोडून इकडेतिकडे कशाला पाहायचं?

सातवी ब : काका, पोट्टी ऋतुस्राव वाचून भूगोलाचं पुस्तक काढेल! आम्ही सरळ पिरियड म्हणायचो.

हिंगण्याची ताई : ‘मासिक’ त्यांना फक्त मासिक चाचणीत भेटतं. पिरियडही करून पाहिला. ‘पिरियड सुरू असताना मैदानावर जातेस का?’ उत्तर आलं, ‘सरांना विचारून.’

सातवी ब : 😂 पाळीला ‘एमसी’ म्हणतात, ते तर अजिबात लिहू नका. मागच्या बाकावरचे पोट्टे का हसतात ते नागपुरात सांगायला नको.

उमरेडचा वखरवाला : पाळीला काऊन हाकलून राहिले? पेरणीआधी वखराच्या दोन पाळ्या, पीक उगवलं की डवऱ्याची पाळी. फिरून येते ती पाळी. गिरणीतली तीच, बाईची तीच. आमचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, १८७७ सालची मिल. घरातल्या कॅलेंडरवर त्यांच्या पाळीला निळी खूण असायची, आजीची लाल. लाल कशाची ते आम्ही कधी विचारलं नाही अन् कोणी सांगितलंही नाही.

महालवाले : आमच्या मातोश्रींच्या मते त्या दिवसांत नियम पाळायचे म्हणून पाळी.

उमरेडचा वखरवाला : मग रात्रपाळीत काय पाळतात, मौन?

बर्डीवरून : जुन्या बायका ‘विटाळ’ म्हणत, सगळ्यांना कळायचं. ‘बाहेर बसली’ही चालेल.

इंदोऱ्याची लेक : ‘विटाळ’ नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी दीक्षाभूमीवरच्या गर्दीत होती. त्यानंतर तिनं हा शब्द घरात येऊ दिला नाही, माणसाच्या सावलीसाठीही नाही अन् बाईच्या अंगासाठीही नाही. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ असं सोयराबाईनं कधीच म्हणून ठेवलंय. आपण तोच शब्द मुलींच्या हातात छापून देणार?

बर्डीवरून : मी शब्दाबद्दल बोलत होतो, प्रथेबद्दल नाही.

इंदोऱ्याची लेक : एक सोडून दुसरं दाखवा बरं.

गडचिरोलीत होतो : ‘बाहेर बसली’ तिकडे शब्दशः खरं आहे. माडिया आदिवासींच्या गावांत कुर्माघर असतं, गावाच्या कडेला वेगळी झोपडी. त्या दिवसांत बाईनं तिथंच राहायचं. तिथल्या मुलीला ‘बाहेर बसतेस का’ विचारलं तर ती झोपडीबद्दल सांगेल. शाळेचं राहूनच जाईल.

प्राथमिक शिक्षिका : नुसत्या पाळीवरच काय अडलंय? ‘सॅनिटरी नॅपकिन’ घ्या. नॅपकिन म्हणजे डब्यासोबतचा, हात पुसायचा. सरकारनं २०१८ मध्ये योजनेचं नाव ठेवलं ‘अस्मिता’. तेव्हा जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत होतं, पण नावात ना पाळी ना पॅड. माझ्या वर्गातल्या पोरीला ‘अस्मिता’ म्हणजे सहावीतली अस्मिता. आणि ताई, फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवा : संडासाला आतून कडी आहे का, नळाला पाणी येतं का. हे शब्द सगळ्यांना कळतात. कपडा बदलायला जागा नसली की पोरगी दुपारच्या सुट्टीत घरी जाते आणि परत येत नाही.

महालवाले : ‘कडी’ मूळ कानडी असावा काय?

सातवी ब : काका 🙏

महालवाले : विचारलं फक्त.

हिंगण्याची ताई : कडीचा प्रश्न घेतला. वर लिहिते आहे, ‘महिन्याचे ते चार दिवस’. चालेल?

इंदोऱ्याची लेक : ‘ते’ कशाला? तिथंच कुजबुज सुरू होते. ‘अंगावरून रक्त जातं ते दिवस’ लिहा, सरळ.

बर्डीवरून : रक्त वाचून पालक सही करतील?

हिंगण्याची ताई : पालकांची सही नाहीच आहे. मुलींनीच भरायचा आहे.

उमरेडचा वखरवाला : ते सोडा. आमच्याकडे ‘कावळा शिवला’ म्हणत. लहानपणी मी दोन दिवस छतावर कावळ्याची वाट पाहिली, आईला शिवणारा कोणता ते ओळखायला. पण कावळाच का? चिमणी का नाही?

महालवाले : पिंडाला शिवतो म्हणून.

गडचिरोलीत होतो : पिंडाला शिवला तर चांगलं म्हणतात ना पण?