आधी रजिस्टर, मग डॅशबोर्ड

एकांनी लिहिलंय की पॉवर बीआय (आकड्यांचे आलेख आणि डॅशबोर्ड दाखवणारं सॉफ्टवेअर) घेतलं की कारखान्यात कुठे नुकसान होतंय ते आपोआप दिसतं. मला हे पटत नाही. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी हेच नुकसान शोधायचं काम केलंय, म्हणून लिहितोय.

तिथं रिजेक्शनची, म्हणजे दोषामुळे नाकारलेल्या मालाची, नोंद वहीत व्हायची. एका शिफ्टचा सुपरवायझर मराठीत 'भोक' लिहायचा, दुसरा कन्नडमध्ये 'तूतु', आणि क्वालिटीवाले 'ब्लो होल'. दोष एकच, नावं तीन! एक्सेलमध्ये भरल्यावर तिन्हींचे वेगळे छोटे खांब दिसायचे आणि सगळ्यात उंच खांब भलत्याच दोषाचा. हा जोसेफ जुरान यांनी गुणवत्तेच्या कामात रुजवलेला पॅरेटो चार्ट, म्हणजे दोष मोठ्यापासून छोट्यापर्यंत खांबांत मांडणारा आलेख, पण मुळात नोंदच फुटलेली, मग तो तरी काय सांगणार?

तिन्ही नावं एक केली तेव्हा ब्लो होल वर आला. मग तारखा लावून पाहिलं, तर बहुतेक माल पावसाळ्यातला. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साचे करायच्या ओलसर वाळूत, पाणी साधारण ३ ते ४ टक्के लागतं. जास्त झालं की धातू ओतताना वाफ होते आणि ती कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) अडकते, तेच हे भोक. वाळूची ओल मात्र सकाळी एकदाच तपासली जायची, आणि आपल्याकडचा पाऊस दिवसभराचा.

हे उत्तर मोल्डिंगवाल्या (साचे करणाऱ्या) काकांना आधीपासून ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बिझनेस अ‍ॅनालिस्टचं, म्हणजे आकड्यांवरून धंद्यातली अडचण शोधणाऱ्याचं, पहिलं काम हेच, काम चालतं त्या शॉपवर जाऊन विचारणं. माझ्या मते सॉफ्टवेअर नंतर घ्या. आधी दोषांची एकच यादी करा, मराठी-कन्नड दोन्हींत, आणि ती मशीनजवळ लावा.