देशी गाडी की परदेशी? किनारपट्टीवरच्यांनी अनुभव लिहा

दिवाळीला गाडी घ्यायची आहे. आई म्हणते आपल्याच कंपनीची घ्या, भावाला जपानी हवी. किंमत, कर, खारा वारा, जे भोगलंय ते लिहा. जाहिरात नको.

रत्नागिरी : आधी 'आपली' कोणती ते ठरवा. मारुतीत निम्म्याहून जास्त मालकी सुझुकीची. ह्युंदाई चेन्नईजवळ बनते. उलट जग्वार-लँड रोव्हर २००८ पासून टाटांची, पण इंग्लंडहून तयार आली की परदेशीच. सरकार बिल्ला बघत नाही, गाडी कुठे बनली ते बघतं. अख्खी आयात केली तर शुल्कच ७० ते ११० टक्के, वर जीएसटी. इथे बनलेल्या छोट्या गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी, मोठीला ४०. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत, इंजिनही मर्यादेत. त्या चार मीटरपायी किती गाड्यांची डिकी छाटली गेली बघा!

चिपळूण : आमची परदेशी कंपनीची, बनलेली इथेच. २०२१ च्या पुरात बुडाली. कंपनीने पुढे इथला गाशा गुंडाळला, आता साधा सेन्सर हवा तरी मुंबईला फोन. शेजाऱ्यांच्या बोलेरोचं सामान बाजारपेठेत मिळतं.

देवगड : देशी गाड्या टिकवायला आयात शुल्क वाढवा असं काही जण म्हणतात, त्यांनी आंबेवाल्यांनाही विचारावं. २००७ मध्ये अमेरिकेने आपला आंबा पुन्हा घेतला, लासलगावला विकिरण करून, म्हणजे किरणांनी कीड मारून. त्याच सौद्यात आपण त्यांच्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींसाठी धुराचे (उत्सर्जनाचे) नियम सैल केले. शुल्क मात्र तसंच ठेवलं, त्यावरून अमेरिकावाले पुढे कुरकुरत राहिले. आता ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झालाय, त्यात ठरावीक कोट्यातल्या गाड्यांचं शुल्क हळूहळू १० टक्क्यांवर येणार. आपला माल त्यांनी घ्यावा आणि त्यांच्या गाडीला आपण फाटक लावावं, हे किती दिवस चालणार? अर्थात त्या महागड्या गाड्या माझ्या बागेच्या पाणंदीत शिरायच्या नाहीत, ते वेगळं.

मालवण : आमचो मेस्त्री सांगता, गाडी खयचीव आसांदे, खारो वारो पत्र्याक सोडना नाय. दाराची खालची कड आनि सायलेन्सर आधी जातत. पावसाआधी खालून अँटीरस्ट मारून घेवा. सर्व्हिस सेंटर कुडाळात आसा की कोल्हापुराक जावक लागता, तां बघा. टॅक्स एकदाच भरूचो आसता.

सावंतवाडी : आयात शुल्काचं सोडा, रोड टॅक्स धरलात का? महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीलाही ११ टक्के. शोरूमची किंमत सांगू नका, ऑन-रोड किती सांगितली ते टाका, मग बोलू.