सी ड्राइव्ह भरलाय. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स डीवर कसे न्यायचे?

कोराकागद:
विंडोज ११ आहे. सी १२० जीबीचा, त्यात जेमतेम ६ जीबी उरलेत. डी जवळपास रिकामा आहे. तीन शंका:
१) हे फोल्डर सरळ कट-पेस्ट करून डीवर टाकले तर चालेल का?
२) डॉक्युमेंट्स दोन दिसतात, एक माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये आणि एक वनड्राइव्हमध्ये. खरा कोणता?
३) लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फायली दिसतील असं केल्यावर सीवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' दिसतो. उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणतो. तो काढला तर जागा मिळेल का?

चकतीपुराण:
कट-पेस्ट नको. या फोल्डरांचे पत्ते विंडोज रजिस्ट्रीत (स्वतःच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) लिहून ठेवतं आणि प्रोग्राम तिथेच विचारतात. पत्ता आणि फायली एकदम हलायला हव्यात, त्यासाठी लोकेशन टॅब आहे.

आधी डीवर प्रत्येकासाठी वेगळा रिकामा फोल्डर करा: डी → माझे → डॉक्युमेंट्स, डी → माझे → पिक्चर्स, असे. मग सी → यूजर्स → तुमचं नाव इथे जाऊन डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. नवा फोल्डर निवडा, अप्लाय करा. जुन्या फायली नव्या जागी न्यायच्या का, असं विचारेल, हो म्हणा. प्रत्येक फोल्डरसाठी हेच.

दोन चुका फार महागात पडतात. पहिली, नुसता 'डी' निवडणं. मग अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि बऱ्याचदा लोकेशन टॅबही दिसेनासा होतो. तेव्हा रजिस्ट्री एडिटरमध्ये करंट यूजर → सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → करंट व्हर्जन → एक्सप्लोरर → यूजर शेल फोल्डर्स इथे जाऊन पत्ता हाताने दुरुस्त करावा लागतो. डॉक्युमेंट्सची नोंद तिथे 'पर्सनल' नावाने असते. बदलण्याआधी ती रजिस्ट्री की (नोंदींचा तो गट) एक्सपोर्ट करून ठेवा, नंतर साइन आउट करून परत या.

दुसरी चूक म्हणजे दोन फोल्डरांना एकच जागा देणं. फायली एकमेकांत मिसळतात, आणि मग 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबलं तरी विंडोज नकार देतं, कारण एकाच जागेवर दोघांचा हक्क असतो.

पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क या कामाला घेऊ नका. जोडलेली नसली किंवा तिचं ड्राइव्हचं अक्षर बदललं की फोल्डर सापडतच नाही.

रिकामीजागा:
वरच्या उत्तराआधी दुसरी शंका सोडवा, नाहीतर लोकेशन टॅब तुम्हाला दाद देणार नाही. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून 'शेल', कोलन, 'पर्सनल' हे इंग्रजीत सलग टाइप करा. उघडेल तो खरा डॉक्युमेंट्स. वनड्राइव्हमधला उघडला, तर वनड्राइव्हचा बॅकअप चालू आहे, म्हणजे तो फोल्डर मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याशी जोडलेला आहे.

वनड्राइव्ह सेटिंग्ज → सिंक अँड बॅकअप → मॅनेज बॅकअप इथे तो फोल्डर बंद करा. बंद केल्यावर सीमधला डॉक्युमेंट्स रिकामा दिसला तर घाबरू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात. तिथून हलवून घ्या. ज्यांच्यावर ढगाचं चिन्ह आहे त्या डिस्कवर नाहीतच, हलवताना त्या आधी उतरवल्या जातात. म्हणून इंटरनेट चालू हवं आणि सीवर तेवढी जागाही हवी. ६ जीबीत हे भागणार नाही, तेव्हा थोडे थोडे घ्या.

'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'ला मात्र हात लावू नका. तो फोल्डर नाही, जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेला यूजर्सकडे नेणारा दुवा आहे. जागा शून्य खातो. परवानगी मुद्दामच नाकारलेली असते. मालकी घेऊन, परवानग्या बदलून आत शिरलात तर काही बॅकअप प्रोग्राम त्याच फायली पुन्हा पुन्हा मोजत राहतात.

चकतीपुराण:
पुरवणी. ॲपडेटा (प्रोग्रामांच्या सेटिंग्ज), प्रोग्राम फाइल्स आणि विनएसएक्सएस (विंडोजच्या स्वतःच्या भागांचा साठा) हे हलवायचे नाहीत. विनएसएक्सएस प्रॉपर्टीजमध्ये प्रचंड दिसतो, कारण हार्ड लिंकमुळे, म्हणजे एकाच फाइलला दोन ठिकाणी नाव असल्यामुळे, त्याच फायली दोन ठिकाणी मोजल्या जातात. प्रत्यक्षात तेवढी जागा अडलेली नसते.

जागा हवी तर सेटिंग्ज → सिस्टिम → स्टोरेज → टेम्पररी फाइल्स. त्या यादीत 'डाउनलोड्स' हाही एक चौकोन असतो. टिक करण्याआधी नीट वाचा, कारण तिथून पुसलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही. हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून पीसी बंद करणं) वापरत नसाल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', स्लॅश 'एच', 'ऑफ' हे इंग्रजीत द्या. त्याने हायबरनेटची फाइल जाते, ती सहसा रॅमच्या ४० टक्क्यांएवढी असते. मात्र यामुळे फास्ट स्टार्टअपही (पीसी लवकर सुरू होण्याची सोय) बंद होतं.

कोराकागद:
पिक्चर्स गेले. डॉक्युमेंट्सला मात्र 'फाइल वापरात आहे' म्हणून अडतंय.

रिकामीजागा:
तिथे आउटलुकची पीएसटी फाइल (त्यात मेल साठवलेले असतात) आहे का बघा. आउटलुक पूर्ण बंद करा, टास्क मॅनेजरमध्येही खात्री करा आणि 'ट्राय अगेन' दाबा. 'स्किप' दाबलंत तर ती फाइल जुन्या जागीच राहील आणि परत दोन डॉक्युमेंट्स होतील. हलवून झाल्यावर आउटलुकला पीएसटीचा नवा पत्ता दाखवावा लागेल. ब्राउझरलाही डाउनलोडचा पत्ता त्याच्या सेटिंग्जमध्ये वेगळा दिलेला असेल, तर तो बदला.