मदत हवी आहे : गोधडीचे छोटे चौकोन एकमेकांना जुळत नाहीत

अबोली_गुहागर :
बहिणीच्या बाळासाठी छोट्या चौकोनांची गोधडी शिवायला घेतली आहे आणि बारसे तोंडावर आले आहे. नऊ तुकड्यांचा एक आणि चार तुकड्यांचा एक असे दोन प्रकारचे चौकोन एकाआड एक लावायचे आहेत. दोन्ही एकाच मापाचे व्हायला हवेत, परंतु शेजारी ठेवले की एक लहान आणि एक मोठा दिसतो, आणि ताणून जोडले तर चुण्या पडतात. कापणी मी अतिशय काळजीपूर्वक केली आहे, त्यामुळे कापणी नीट करा असे कृपया कोणी सांगू नये. आगोटीची (पावसाळ्याआधीच्या तयारीची) कामे अंगावर आहेत, अंगणात आमसुले वाळत आहेत, पावसाचा नेम नाही आणि शिवणाला दुपारचा जेमतेम तासभर मिळतो. हे कशामुळे होते, आणि शिवलेले न उसवता गोधडी पुरी करता येईल का, एवढेच सांगावे.

वेंगुर्ल्याची_काकू :
कापड न धुता कापले असणार. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि प्रत्येक कापड सारखे आटत नाही. मी तर कोणतेही कापड रात्रभर पाण्यात ठेवून, सावलीत वाळवून आणि इस्त्री करूनच कात्रीखाली घेते. तुम्हीही तसेच करा, म्हणजे हा प्रश्न पुन्हा येणार नाही.

शिवणवर्ग_रत्नागिरी :
अबोलीताई, तुम्ही एकही माप दिलेले नाही, त्यामुळे आत्ता कोणीही काहीही सांगितले तरी तो अंदाजच ठरेल. नऊच्या चौकोनासाठी तुकडे किती इंचांचे कापले आणि चारच्यासाठी किती? शिवून झाल्यावर प्रत्येक चौकोन किती भरला? मशीन कोणते आहे, आणि शिलाई कडेपासून किती आत घालता? मोजताना कापडी टेप वापरू नका, तो जुना झाला की ताणलेला असतो. लोखंडी पट्टीने मोजून कळवा.

परसबाग_देवगड :
आमसुले वाळत आहेत म्हणता म्हणून सांगतो. कोकमाचा रस बाळाच्या कापडावर उडाला तर लगेच साबण लावू नये, कारण साबणाने त्या डागाचा रंग पालटतो आणि तो अधिकच दिसू लागतो. आधी नुसत्या थंड पाण्याखाली धरून रस निघेल तेवढा काढावा. आमचे रातांबे (कोकमाची फळे) या वर्षी उशिरा पिकले, त्यामुळे सालींना रसाचे शेवटचे पूट द्यायचे अजून राहिले आहे. तुमच्याकडे ऊन कसे आहे?

अबोली_गुहागर :
दादा, डाग पडलेला नाही. काकू, आईच्या जुन्या सुती साड्या आहेत आणि थोडे नवे पॉपलीन आहे, सगळे धुतलेले आहे. नऊच्या चौकोनाचे तुकडे 2 इंचांचे कापले आणि चारच्याचे पावणेतीन इंचांचे. कडेच्या शिलाईचे कापड धरून दोन्ही चौकोन 5 इंच भरायला हवेत. नऊचा पावणेपाच भरतो आणि चारचा 5 इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी. पायाचे जुने काळे मशीन आहे, प्रेशर फूटची (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पट्टीची) कड कापडाच्या कडेला लावून शिवते, म्हणजे पाव इंच होतेच.

राजापूरची_वाकळ :
एवढे मोजमाप करायचेच कशाला? आमच्याकडे वाकळ शिवताना खाली धडके लुगडे अंथरतात, त्यावर तुकडे मांडत जातात आणि हाताने धावदोरा घालत सगळे थर एकदमच शिवतात. तुकडा लहान पडला तर शेजारचा त्यावर थोडा सरकवायचा. कारवारकडे हल्याळ आणि यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, अशीच शिवतात. त्या एका कडेपासून सुरुवात करून चारही बाजूंनी फिरत मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्याखेरीज कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. मशीन बाजूला ठेवा आणि हातात सुई घ्या. बाळाला हातचीच मऊ लागते.

शिवणवर्ग_रत्नागिरी :
वाकळीबद्दल मला आदर आहे, परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न तो नाही. वाकळीत तुकडा तुकड्यावर चढतो म्हणून माप लागत नाही. येथे तुकडे कडेला कड लावून जोडले आहेत आणि चौकोनाच्या रेषा पुढच्या चौकोनाच्या रेषांना भिडायच्या आहेत. हे मापाशिवाय जमत नाही.

अबोलीताई, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. नऊच्या चौकोनात एका बाजूने पाहिले तर मधे दोन शिलाया येतात आणि चारच्या चौकोनात एकच. प्रत्येक शिलाई दोन्ही बाजूंच्या तुकड्यांतून कापड खाते. तुमची शिलाई पाव इंचाऐवजी अर्धे सूत जास्त आत पडत असेल, तर एका शिलाईमागे एक सूत कापड जादा जाते. म्हणजे नऊचा चौकोन दोन सूत कमी, अर्थात पावणेपाच, आणि चारचा एक सूत कमी. तुम्ही दिलेली मापे नेमकी हीच आहेत. कापड आटले असते तर दोन्ही चौकोन सारखेच लहान झाले असते. कापणी चुकली असती तर एकाच प्रकारचे सगळे चौकोन एकमेकांसारखे आले नसते. म्हणून दोष प्रेशर फूटचा आहे. जुन्या मशीनच्या फूटची कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असतेच असे नाही.

खात्री करण्यासाठी 2 इंच रुंदीच्या तीन पट्ट्या नेहमीसारख्या जोडा, इस्त्री करा आणि फक्त मधली पट्टी मोजा. ती बरोबर दीड इंच भरली पाहिजे.

वेंगुर्ल्याची_काकू :
तरीही जुन्या साडीचे कापड विसरू नका. वर्षानुवर्षे नेसून त्याची वीण सैल झालेली असते, ते फूटखाली सरकते आणि उरेब (धाग्याला तिरके) कापले गेले असेल तर ताणले जाते. भाताच्या पेजेचे निवळ पाणी लावून, वाळवून इस्त्री केली की ते कागदासारखे ताठ राहते. माझ्या सासूबाई पातळ मलमलसुद्धा असेच शिवत.

शिवणवर्ग_रत्नागिरी :
हे काकूंचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे आणि ताईंनी ते जरूर करावे. फक्त गोधडी पुरी झाली की कांजी धुऊन काढायला हवी, नाहीतर पावसाळ्यात कपाटात कसर लागते. इस्त्रीही ओढत फिरवू नका. उचलून दाबा, पुन्हा उचला आणि पुढे दाबा, कारण ओढलेल्या इस्त्रीने लहान तुकड्यांचा आकार बिघडतो. नऊच्या चौकोनात वरच्या आणि खालच्या ओळीतल्या शिलाया आतून एका बाजूला पाडा आणि मधल्या ओळीतल्या उलट बाजूला. मग ओळी जोडताना त्या बोटांना एकमेकींत अडकलेल्या लागतात आणि कोपरे आपोआप जुळतात.

परसबाग_देवगड :
पायाचे मशीन खिडकीजवळ असेल तर पाऊस सुरू होण्याआधी हलवावे. खाऱ्या हवेने सुईची पट्टी आणि बॉबिनची पेटी गंजते. आमच्या घरातले असेच वाया गेले.

अबोली_गुहागर :
तीन पट्ट्या जोडून पाहिल्या. मधली पट्टी दीड इंचाला एक सूत कमी भरली, म्हणजे दोन्ही शिलाया मिळून तेवढे कापड खातात. कारण कळले, आता उपाय सांगावा. बरेचसे चौकोन शिवून झाले आहेत आणि ते उसवण्याइतका वेळ खरोखरच नाही.

राजापूरची_वाकळ :
उसवायचे असेल तर जुन्या साडीचे कापड पुन्हा सुईखाली घालू नका, ते भोकांवर फाटते.

शिवणवर्ग_रत्नागिरी :
उसवायची गरज नाही. चारचे चौकोन कापून पावणेपाचच करा. मात्र जादा असलेले एक सूत एकाच बाजूने कापू नका, चारही कडांवरून अर्धे अर्धे सूत काढा, म्हणजे मधल्या शिलायांची अधिक चिन्हासारखी (+) खूण मधेच राहील. नऊच्या चौकोनांना हात लावू नका.

पुढच्या शिलाईसाठी फूटवर विसंबू नका. लोखंडी पट्टी फूटखाली सरकवा, चाक हाताने फिरवून सुई पट्टीच्या पाव इंचाच्या खुणेवर टेकवा आणि पट्टीच्या उजव्या कडेला लागून मशीनच्या पाटावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. आता कापडाची कड त्या चिकटपट्टीला टेकवून शिवा. फूटखालचे, कापड पुढे ढकलणारे दात उघडे राहतील एवढे पाहा, नाहीतर कापड पुढे सरकणार नाही. सुई नवी घाला, साडीच्या पातळ कापडाला 11 नंबरची पुरते.

अबोली_गुहागर :
चौकोन लहान झाले तर गोधडीही लहान होणार. 7 आडवे आणि 9 उभे ठरवले होते.

शिवणवर्ग_रत्नागिरी :
जोडल्यावर प्रत्येक चौकोन साडेचारऐवजी सव्वाचार इंचांचा राहील, म्हणून साडेएकतीस इंचांची रुंदी पावणेतीस होईल आणि साडेचाळीसची लांबी सव्वाअडतीस. चारही बाजूंनी दीड इंच रुंदीची पट्टी लावा. बाहेरची कड शिवल्यावर ती एक इंच दिसेल आणि रुंदीची तूट भरून निघेल. लांबी पाव इंचाने कमी राहील, ती कोणाच्या लक्षात येणार नाही. पट्टी साडीच्या उभ्या धाग्याने कापा, उरेब नको. तिची लांबी गोधडीच्या कडेवरून घेऊ नका, कारण कडा हाताळून ताणलेल्या असतात. गोधडी जमिनीवर सपाट पसरून मधोमध मोजा, तेवढीच पट्टी कापा आणि आधी दोन्ही टोके व मध्य टाचून मगच शिवा.