वाशी ते ऐरोली रोइंग: भरती आणि हाताची काळजी

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्यांनी कर्करोग संशोधनासाठी पैसे जमवायला ठाणे खाडीतून वाशी ते ऐरोली नाव वल्हवत न्यायची, रविवारी सकाळी निघायचं, असं ठरतंय. वार नाही, भरती बघा. वाशीहून ऐरोलीकडे भरतीचं पाणीच नेतं, म्हणून पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी सुटायचं. चढत्या पाण्यात नाव चिखलात रुतली तरी थोड्या वेळात तरंगते. ओहोटीत रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच, आणि त्या चिखलात उतरून ढकलता येत नाही. अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती घ्या, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ फार.

स्तनाच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर खरा प्रश्न हाताचा, त्या बाजूचा हात सुजू शकतो. सरावाआधी कोपराच्या १० सेंमी वर आणि खाली दोन्ही हातांचा घेर टेपने मोजून ठेवा, मग दर आठवड्याला. फरक २ सेंमीने वाढला की वल्हं खाली, फिजिओथेरपिस्टकडे. प्रेशर स्लीव्ह, म्हणजे सूज आवरायला हातावर चढवायची दाबाची बाही, मापाचीच हवी. सैल निरुपयोगी, घट्ट असली तर पंजा सुजतो. वल्हं आवळून धरू नका, बोटं हुकासारखी अडकवली तरी पुरे. फोड फुटून हात लाल, गरम झाला तर त्याच दिवशी डॉक्टर.

जमवलेले पैसे कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नकोत. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) द्यायचे तर थेट संस्थेच्या खात्यात, 'संशोधनासाठी' असं लेखी कळवून. पावती देणगीदाराच्याच नावाने निघते.